साहस कोणाचे, जोखीम कोणाची?

७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली. अमेरिकन कामगार-कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापली जाणारी आणि ‘४०१-के’ या नावाने ओळखली जाणारी जी निवृत्ती-बचत आहे, तिचे दरवाजे शेअर बाजाराबाहेरच्या खाजगी भांडवली फंडांना अधिक मोकळे व्हावेत, यासाठी नियमांची फेरतपासणी करावी, असे या आदेशाने तेथील श्रमखात्याला फर्मावले. आदेशाच्या मथळ्यातच ‘लोकशाहीकरण’ या अर्थाचा शब्द आहे. जी संधी आजवर धनाढ्यांना आणि मोठ्या संस्थांनाच मिळत होती, ती आता सामान्य नोकरदारालाही मिळणार, असा त्याचा गाजावाजा झाला.

मोठ्या भांडवलाला कामगारांविषयी एकाएकी जिव्हाळा वाटू लागला म्हणजे कामगारांनी प्रथम स्वतःचा खिसा चाचपून पाहावा, हा जगभरच्या कामगार चळवळीचा जुना अनुभव आहे. ज्या फंडांसाठी हे दरवाजे उघडावयाचे आहेत, त्यांत व्हेंचर कॅपिटल ऊर्फ साहस-भांडवल या धंद्याचे फंडही येतात. २०२२ पासून या धंद्यापुढे मोठी अडचण उभी आहे. विकत घेतलेल्या कंपन्या मनाजोगत्या भावाने विकल्या जात नाहीत, जुन्या गुंतवणूकदारांना वेळेवर पैसा परत मिळत नाही आणि म्हणून नवा पैसा द्यावयास ते कचरतात. अशा वेळी नवा गुंतवणूकदार हवा असतो. तो कामगाराच्या निवृत्ती-बचतीच्या रूपाने समोर दिसतो आहे.

साहस-भांडवलाचा धंदा बदलतो आहे, अशी चर्चा आज अर्थविषयक वर्तमानपत्रांतून रोज होते. ती बहुतेक वेळा कोणत्या फंडाने किती अब्ज डॉलर जमवले एवढ्यापुरतीच असते. कामगारांच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. या धंद्यात पैसा कोणाचा, जोखीम कोणाची आणि नफा कोणाचा, हा तो प्रश्न होय.

सुरुवात सरकारी खजिन्याच्या आधाराने

साहस-भांडवलवाल्यांनी स्वतःविषयी एक कथा प्रचलित केली आहे. जेथे बँका कर्ज देत नाहीत, जेथे सरकारी नोकरशाहीची नजर पोहोचत नाही, तेथे दूरदृष्टीचा धाडसी भांडवलदार आपला पैसा पणाला लावतो, नवे तंत्र जन्माला घालतो आणि त्या धाडसाचे बक्षीस म्हणून नफा मिळवतो, अशी ही कथा आहे.

तिच्यात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. १९४६ साली अमेरिकेत ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ ही संस्था स्थापन झाली. जॉर्ज डोरिओ हे तिचे सूत्रधार होते. ते हार्वर्डमधील प्राध्यापक होते आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या पुरवठा विभागात ब्रिगेडियर जनरल होते. या संस्थेने १९५७ साली ‘डिजिटल इक्विपमेंट’ या नव्या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले आणि पुढे त्या हिश्शाची किंमत ३५ कोटी डॉलरांच्या वर गेली. कंपनीने खरोखरच संगणक बनवले, हजारो कामगारांना काम दिले. ही केवळ सट्टेबाजी नव्हती.

परंतु या कथेतून एक महत्त्वाचे पात्र गाळलेले असते. ते म्हणजे सरकार. १९५८ साली अमेरिकन संसदेने लहान उद्योगांतील गुंतवणुकीचा कायदा करून खाजगी गुंतवणूक कंपन्यांना सरकारी पतपुरवठ्याचा आधार दिला. साठोत्तरीच्या आरंभी ज्या एकात्मिक मंडलांवर, म्हणजे आजच्या चिपांच्या पूर्वजांवर, कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅलीचा पाया घातला गेला, ती जवळपास सर्वच्या सर्व अमेरिकेचे लष्कर आणि अंतराळ कार्यक्रम विकत घेत होते. इंटरनेटचे मूळ असलेले ‘आर्पानेट’ हे जाळे १९६९ साली संरक्षणखात्याच्या पैशाने उभे राहिले. जैवतंत्रज्ञानातील ‘जेनेनटेक’ ही कंपनी १९७६ साली निघाली, तिच्यामागचे संशोधन विद्यापीठांत आणि सार्वजनिक अनुदानावर झालेले होते. १९८० च्या बे-डोल कायद्याने तर सरकारी पैशाने झालेल्या संशोधनाची पेटंटे स्वतःकडे ठेवून ती कंपन्यांना वापरावयास देण्याची मुभा विद्यापीठांना मिळाली.

याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या टप्प्यावर जोखीम सर्वात मोठी असते, जेथे दहा-वीस वर्षे काहीच हाती लागत नाही, तो टप्पा करदात्यांच्या पैशाने पार पडला. साहस-भांडवल आले ते त्यानंतर, वाट बऱ्याच अंशी मळल्यावर.

दुसऱ्याच्या पैशाचा धंदा

दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे भांडवलाचा मूळ मालक. साहस-भांडवल फंडाची रचना समजून घेतली तर हे लक्षात येते. फंड चालवणारे व्यवस्थापक बहुतेक रक्कम बाहेरून गोळा करतात. स्वतःची रक्कम ते शेकडा एक-दोनच्या आसपास घालतात. फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची असते. व्यवस्थापनाची फी म्हणून दरवर्षी सुमारे २ टक्के आणि नफा झाल्यास त्यातला २० टक्के वाटा व्यवस्थापक घेतात. तोटा झाला तर तो प्रामुख्याने पैसा देणाऱ्यांचा; फी मात्र सुटत नाही. शिवाय नफ्यातील हा वाटा म्हणजे वस्तुतः कामाचा मोबदला असूनही अमेरिकन करकायदा त्याला भांडवली नफा मानतो आणि त्यावर पगाराहून कमी दराने कर आकारतो.

हा बाहेरचा पैसा कोठून आला? आरंभी तो श्रीमंत घराण्यांचा आणि काही संस्थांचा होता आणि धंदाही लहानच होता. मोठा बदल १९७९ साली झाला. अमेरिकन श्रमखात्याने पेन्शन फंडांवरील ‘शहाण्या माणसासारखे वागा’ या नियमाचा अर्थ सैल केला आणि कामगारांच्या निवृत्तिनिधीचा काही भाग अशा फंडांत घालण्यास हरकत नाही, असे ठरवले. त्याच्या आगेमागे, १९७८ आणि १९८१ साली, भांडवली नफ्यावरील कर ४९ टक्क्यांच्या आसपासवरून प्रथम २८ आणि नंतर २० टक्क्यांवर आणला गेला. आठ-दहा वर्षांच्या आत पेन्शन फंड हेच या धंद्याचे सर्वात मोठे पुरवठादार बनले.

मार्क्सने ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात, पतव्यवस्थेच्या विवेचनात, ही प्रवृत्ती ओळखली होती. पतव्यवस्था मूठभरांच्या हाती दुसऱ्यांच्या, म्हणजेच समाजाच्या, भांडवलाची सत्ता देते. ज्याच्या मालकीची संपत्ती नाही तोच तिच्यावर जुगार खेळू शकतो. शिकागोतील शिक्षिका, कॅलिफोर्नियातील अग्निशामक दलाचा जवान, एखाद्या कारखान्यातील निवृत्त फिटर यांच्या तुटपुंज्या बचतीच्या एकत्रित राशीवर आज ज्यांना ‘द्रष्टे’ म्हटले जाते त्यांचे साम्राज्य उभे राहिले. ज्या कंपनीत आपला पैसा गेला तेथे युनियन आहे की नाही, तेथे कामाचे तास किती, हे विचारण्याचा अधिकार मात्र त्या शिक्षिकेला किंवा फिटरला कधीही मिळाला नाही.

स्वस्त पैशाचा काळ

मार्च २००० मध्ये अमेरिकेतील ‘नॅस्डॅक’ या बाजाराचा निर्देशांक ५ हजारांच्या वर गेला आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत तो तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळला. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला. परंतु २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर शून्याच्या जवळ आणून ठेवले आणि वर्षानुवर्षे तेथेच राखले. रोख्यांवर काहीच मिळत नाही म्हटल्यावर प्रचंड भांडवल अधिक परताव्याच्या शोधात वाट फुटेल तिकडे धावू लागले. या धंद्याचे आजचे रूप त्या काळाने घडवले.

याच काळात गुंतवणूकदार बदलले. न्यूयॉर्कच्या ‘टायगर ग्लोबल’सारखे, मूळचे शेअर बाजारात व्यवहार करणारे फंड या क्षेत्रात उतरले. आखाती तेलाचा पैसा आला. २०१७ साली जपानच्या ‘सॉफ्टबँक’ने सुमारे १०० अब्ज डॉलरांचा ‘व्हिजन फंड’ काढला, त्यात ४५ अब्ज सौदी अरेबियाच्या सरकारी निधीचे आणि १५ अब्ज अबुधाबीच्या ‘मुबादला’चे होते. ज्या राजवटीत स्वतंत्र कामगार संघटनेला जागा नाही, तिचे तेल आणि जपानी मक्तेदाराची पत यांच्या संयोगातून अमेरिका आणि भारतातील टॅक्सी, खानावळ आणि कचेऱ्यांच्या ‘भविष्या’ची आखणी होऊ लागली.

एवढा पैसा एकाच वेळी आल्यावर कंपनीची पारख मागे पडते आणि वेग पुढे येतो. फंडाचे गणितच तसे आहे. दहा गुंतवणुकींपैकी बहुतेक बुडणार आणि एखादीच सगळ्यांची भरपाई करणार, असे ते गृहीत धरते. म्हणून शांतपणे, थोड्या नफ्यावर, वर्षानुवर्षे चालणारा उद्योग या भांडवलाला नको असतो. त्याला हवी असते संपूर्ण बाजारपेठ गिळंकृत करणारी कंपनी. प्रथम तोटा सोसून माल आणि सेवा स्वस्तात द्यावयाची, जुन्या धंदेवाल्यांना उठवावयाचे आणि मक्तेदारी आली की भाव चढवावयाचे व कामगाराचा मोबदला उतरवावयाचा, ही त्याची रीत झाली. भांडवलदारी स्पर्धेतून मक्तेदारी हळूहळू निर्माण होते, असे पूर्वी दिसत असे. येथे मक्तेदारी हाच पहिल्या दिवसाचा आराखडा असतो.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी ही रीत डोळ्यांनी पाहिली आहे. ॲपवरच्या गाड्या आल्या तेव्हा प्रवाशाला भाडे स्वस्त आणि चालकाला घसघशीत प्रोत्साहन भत्ता मिळत होता. त्या भत्त्याच्या भरवशावर अनेकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. भत्ता आटला, कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहिला. २०१८ साली मुंबईत ओला-उबर चालकांनी संप केला तो याच कारणाने. चालकाने ज्या गाडीचे कर्ज डोक्यावर घेतले ती गाडी म्हणजे या उद्योगाचे उत्पादनसाधनच. म्हणजे साधनाची जोखीम चालकाची आणि मूल्यांकन मात्र कंपनीचे.

फुग्यातली हवा आणि तोट्याचे वारस

‘वीवर्क’ या कचेऱ्या भाड्याने देणाऱ्या कंपनीचे मूल्यांकन जानेवारी २०१९ मध्ये ४७ अब्ज डॉलर ठरवले गेले होते. त्याच वर्षी शेअर बाजारात येण्यासाठी तिने हिशेब उघड केले आणि तिचा डोलारा कोसळला. वरच्या मंडळींना भक्कम रकमा मिळाल्या, सुमारे २,४०० कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ४७ अब्ज ही संख्या कोणत्याही कारखान्यातून, खाणीतून किंवा शेतातून आलेली नव्हती. काही गुंतवणूकदारांनी बंद दाराआड ठरवलेला तो भाव होता. अशाच भांडवलाला मार्क्सने कल्पित भांडवल म्हटले आहे. हिल्फरडिंगने १९१० साली आपल्या ‘वित्तभांडवल’ या ग्रंथात कंपनी काढून तिचे शेअर विकणाऱ्याच्या म्हणजेच प्रवर्तकाच्या नफ्याची मीमांसा केली होती. उत्पादनातून नफा येण्याची वाट न पाहता भावी नफ्याचा हक्कच आज विकून टाकावयाचा, हे त्याचे मर्म आहे. साहस-भांडवलाचा सारा डोळा या विक्रीवरच असतो.

मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अमेरिकन मध्यवर्ती बँकेने व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच टक्क्यांच्या वर नेले. स्वस्त पैशाचा झरा आटला. ९ मार्च २०२३ रोजी एका दिवसात ‘सिलिकॉन व्हॅली बँके’तून ४२ अब्ज डॉलर काढले गेले आणि दुसऱ्या दिवशी बँक बुडाली. तिच्यातील बहुतेक ठेवी अडीच लाख डॉलरांच्या विमा-मर्यादेच्या वरच्या, म्हणजे नव्या कंपन्यांच्या आणि फंडांच्या होत्या. सरकारने मध्ये पडू नये असे उठता-बसता सांगणाऱ्या या वर्तुळातून त्या शनिवार-रविवारी सरकारला साकडे घालण्यात आले आणि १२ मार्च रोजी सर्व ठेवींची हमी जाहीर झाली. या कंपन्यांतून ज्यांची नोकरी गेली, त्यांच्यासाठी मात्र कोणी हमी जाहीर केली नाही.

जोखमीची उतरंड कागदावरच लिहिलेली असते, हेही लक्षात घ्यावयास हवे. गुंतवणूकदाराकडे अग्रहक्काचे शेअर असतात, म्हणजे कंपनी पडत्या भावाने विकली गेली तरी त्याची मूळ रक्कम प्रथम फेडली जाते. कमी पगार पत्करून शेअरच्या आश्वासनावर रात्री जागवणाऱ्या तरुण अभियंत्याच्या हाती उरतो तो बहुधा निरुपयोगी कागद.

एकवटलेले भांडवल, चिपा आणि शस्त्रे

आज या धंद्याचे जे रूप दिसते ते लहान भागीदारी संस्थांचे राहिलेले नाही. २०२४ साली अमेरिकेत साहस-भांडवल फंडांनी जमवलेल्या रकमेपैकी निम्म्याच्या आसपास रक्कम जेमतेम नऊ संस्थांकडे गेली. त्यांपैकी एकट्या ‘अँड्रीसन हॉरोविट्झ’ने त्या वर्षी एप्रिलमध्ये ७.२ अब्ज डॉलर जमवल्याचे जाहीर केले. १९७२ साली स्थापन झालेली ‘सिकोया’ ही या धंद्यातील अग्रगण्य संस्था. २०२३ साली अमेरिका-चीन संघर्षाच्या दबावाखाली तिने स्वतःचे तीन तुकडे करण्याचे जाहीर केले आणि भारत व आग्नेय आशियातील तिचा व्यवहार ‘पीक एक्सव्ही’ या नावाने वेगळा झाला. भांडवलाला देश नसतो असे म्हणणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात तर साहस-भांडवल आणि मक्तेदार कंपन्या यांच्यातील सीमारेषाच पुसट झाली आहे. ‘मायक्रोसॉफ्ट’ने २०१९ साली ‘ओपनएआय’मध्ये १ अब्ज डॉलर घातले आणि पुढे ही रक्कम अनेक पटींनी वाढवली. ‘ॲमेझॉन’ने २०२३ ते २०२४ या काळात ‘अँथ्रॉपिक’मध्ये ८ अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. या पैशाचा मोठा भाग त्याच मक्तेदार कंपन्यांची संगणकशक्ती विकत घेण्यात परत जातो. गुंतवणूकदार, पुरवठादार आणि प्रतिस्पर्धी ही तिन्ही सोंगे एकाच घरात आहेत.

आणि युद्धाचा धंदा पुन्हा मध्यभागी आला आहे. २०१७ साली स्थापन झालेल्या ‘अँड्युरिल’ या शस्त्रास्त्र कंपनीने जून २०२५ मध्ये २.५ अब्ज डॉलर जमवले, तेव्हा तिचे मूल्यांकन ३० अब्ज डॉलरांच्या वर ठरवले गेले. लष्कराच्या खरेदीवर जन्मलेला धंदा सत्तर वर्षांनी उघडपणे लष्कराच्याच दारात येऊन उभा आहे. फरक इतकाच की, आता त्याला आपल्या जन्माची लाज वाटत नाही, तो त्यालाच देशभक्ती म्हणतो.

भारतातील वाटचाल

भारतातही या धंद्याची सुरुवात सार्वजनिक क्षेत्रानेच केली. १९७२ साली आर. एस. भट्ट समितीने नवउद्योजकांसाठी अशा भांडवलाची शिफारस केली. १९७५ साली औद्योगिक वित्त महामंडळाने ‘रिस्क कॅपिटल फाउंडेशन’ स्थापन केले. १९८६ साली आयात तंत्रज्ञानाच्या मोबदल्यावर उपकर बसवण्याचा कायदा झाला, त्यामागे देशी तंत्रज्ञानाला बळ देण्याचा हेतू होता. १९८८ साली आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट यांनी मिळून बंगळूरला ‘टीडीआयसीआय’ ही संस्था काढली. या प्रयत्नांत दोष होते, त्यांची व्याप्ती लहान होती. पण कोणते तंत्रज्ञान देशाला हवे, हा प्रश्न निदान विचारला जात होता.

१९९१ नंतर तो प्रश्न मागे पडला. १९९६ साली ‘सेबी’ने फंडांसाठी नियम केले, २००० साली परदेशी फंडांना स्वतंत्र दार उघडले आणि २०१२ साली ‘पर्यायी गुंतवणूक निधी’ या नावाखाली नवी चौकट आणली. मार्च २०२५ अखेर या सर्व निधींना मिळालेल्या वचनबद्ध रकमा १३ लाख कोटी रुपयांच्या वर गेल्या. त्यातला मोठा भाग नव्या उद्योगांत नसून स्थावर मालमत्ता, कर्जव्यवहार आणि इतर ठिकाणी आहे. परदेशी भांडवलाचे वर्चस्व किती होते याची साक्ष ‘फ्लिपकार्ट’ने दिली. २००७ साली बंगळूरात निघालेल्या या कंपनीचा ७७ टक्के हिस्सा २०१८ साली ‘वॉलमार्ट’ने १६ अब्ज डॉलरांना घेतला. भारतीय पदवीधरांची बुद्धी, भारतीय गोदाम-कामगारांचे श्रम आणि भारतीय ग्राहकांची बाजारपेठ यांचा सौदा परदेशी फंड आणि परदेशी मक्तेदार यांच्यात झाला.

आता गुंतवणूकदारांत जो बदल होतो आहे तो अधिक बारकाईने पाहावयास हवा, कारण देशी बचत आता मैदानात ओढली जात आहे. हे तीन मार्गांनी घडते.

पहिला मार्ग शेअर बाजाराचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘पेटीएम’च्या कंपनीने १८,३०० कोटी रुपयांची शेअरविक्री केली. त्यातले १०,००० कोटी कंपनीच्या तिजोरीत गेलेच नाहीत. ते जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकून उचलले. २,१५० रुपयांना घेतलेला शेअर नोंदणीच्या पहिल्याच दिवशी २७ टक्क्यांनी खाली आला. २०२५ साली देशात डिमॅट खाती १९ कोटींच्या वर आहेत आणि म्युच्युअल फंडांत दरमहा हप्त्याने २५ हजार कोटींहून अधिक रक्कम जमा होते आहे. मध्यमवर्गीयाचा हा हप्ता म्हणजे साहस-भांडवलाच्या बाहेर पडण्याचा दरवाजा बनत आहे.

दुसरा मार्ग सरकारी खजिन्याचा. २०१६ साली केंद्र सरकारने नव्या कंपन्यांसाठी १०,००० कोटी रुपयांचा ‘निधींचा निधी’ जाहीर केला आणि तो ‘सिडबी’मार्फत खाजगी फंडांना दिला जातो. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी १०,००० कोटींची घोषणा झाली. जुलै २०२५ मध्ये संशोधन आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तीतही खाजगी फंड-व्यवस्थापकांना स्थान आहे. विद्यापीठांतील प्रयोगशाळा पैशावाचून रखडत असताना, निवड करण्याचे अधिकार आणि नफ्याचा वाटा खाजगी हाती सोपवून सार्वजनिक पैसा पुढे केला जात आहे.

तिसरा मार्ग कामगारांच्या निधीचा, आणि तोच सर्वात गंभीर आहे. मार्च २०२१ मध्ये अर्थमंत्रालयाने बिगर-सरकारी भविष्यनिर्वाह, ग्रॅच्युइटी आणि सेवानिवृत्ती निधींना आपल्या गुंतवणूकयोग्य रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत भाग विशिष्ट पर्यायी निधींत घालण्याची परवानगी दिली. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीची नवी रक्कम शेअर बाजारात घालण्यास २०१५ साली सुरुवात झाली, तेव्हा ती ५ टक्के होती. २०१७ पर्यंत ती १५ टक्के झाली. पाच टक्क्यांचे दार किती लवकर रुंदावते, हे यावरून समजावे. अमेरिकेत १९७९ साली जे घडले आणि २०२५ साली जे पुढे रेटले जात आहे, त्याच दिशेने येथेही पाऊल पडले आहे.

आणि बुडणे म्हणजे काय, हेही येथे दिसून चुकले आहे. ‘बायजूज’ या शिकवणी कंपनीचे मूल्यांकन २०२२ साली २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. एका मोठ्या परदेशी गुंतवणूकदाराने आपला हिस्सा हिशेबात शून्य धरला आणि पुढची वाट धरली. हजारो कर्मचाऱ्यांना पुढची वाट शोधावी लागली, ती नोकरीवाचून.

दोन चुका आणि पुढचे काम

या प्रश्नाकडे पाहताना दोन चुका टाळावयास हव्यात. पहिली चूक म्हणजे हे सारे सट्टेबाजांचे खेळ आहेत, त्यांच्याशी कामगार चळवळीला कर्तव्य नाही, असे मानणे. नवे तंत्र उत्पादनशक्तींची वाढ करते आणि त्यासाठी धीराचे, दीर्घ मुदतीचे भांडवल लागते, हे नाकारता येत नाही. प्रश्न ते भांडवल कोणाच्या ताब्यात असावे हा आहे. ‘यूपीआय’ ही पैसे पाठवण्याची व्यवस्था २०१६ साली रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या सामाईक संस्थेने उभारली. कोट्यवधी लोक ती रोज वापरतात. तिच्यावर अनेक खाजगी कंपन्यांची अब्जावधींची मूल्यांकने उभी आहेत, पण तिचा पाया सामाईक आहे. सामाईक संस्था नवे तंत्र उभारू शकत नाहीत, हा दावा येथेच निकालात निघतो.

दुसरी चूक म्हणजे कामगाराला किंवा लहान बचतदाराला या नफ्यात वाटेकरी केले की वर्गसंघर्ष संपला, असे मानणे. ज्याच्या निधीचे पाच टक्के फंडात आहेत आणि ज्याला त्याच फंडाच्या कंपनीने कंत्राटावर राबवले, तो एकाच वेळी मालक आणि मजूर होत नाही. मालकीचे नाव त्याच्याकडे येते, सत्ता येत नाही. तोटा येतो, निर्णय येत नाही.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ साली देशात ७७ लाख ‘गिग’ कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील, असा अंदाज आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲप-कंपन्यांना उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या कल्याणासाठी देण्याचे बंधन घातले, पण कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्के ही तिची कमाल मर्यादा ठेवली. किमान वेतन, कामाचे तास आणि कर्मचारी म्हणून मान्यता या गोष्टी मात्र त्यांच्या पदरात पडलेल्या नाहीत. कंपनी दिवाळखोरीत गेली तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या थकबाकीला तारण धनकोंच्या बरोबरीचे स्थान आहे. ज्याला कायदा कामगारच मानत नाही, त्या खांद्यावर पिशवी घेऊन धावणाऱ्या तरुणाला त्याचाही उपयोग नाही.

म्हणून कामगार संघटनांनी काही मागण्या ठामपणे पुढे आणल्या पाहिजेत. भविष्यनिर्वाह आणि ग्रॅच्युइटीचा पैसा कामगार प्रतिनिधींच्या संमतीवाचून कोणत्याही जोखमीच्या फंडात जाता कामा नये. त्यासाठी त्रिपक्षीय मंडळांतील कामगार प्रतिनिधींनी प्रत्येक गुंतवणुकीचा हिशेब मागितला पाहिजे आणि तो सभासदांपर्यंत पोहोचवला पाहिजे. जेथे सार्वजनिक पैसा जातो तेथे कंपनीच्या मालकीत व पेटंटात सार्वजनिक वाटा असला पाहिजे आणि कामगार कायद्यांचे पालन ही अट असली पाहिजे. शेअर विक्रीच्या वेळी कोण आत येतो आहे आणि कोण बाहेर पडतो आहे, हे सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत जाहीर झाले पाहिजे. ॲपवर राबणाऱ्याला कर्मचाऱ्याचे हक्क मिळाले पाहिजेत.

दिल्लीच्या गोदामात, बंगळूरच्या कचेरीत, सुरतच्या किंवा इंदूरच्या रस्त्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे याहून साधे आणि तातडीचे असेही एक काम आहे. आपल्या कारखान्यातील, बँकेतील किंवा कार्यालयातील भविष्यनिर्वाह निधी खाजगी विश्वस्त मंडळाकडे असेल, तर त्याची रक्कम कोठे गुंतवली आहे, हे पुढच्या सभेच्या आत विचारून घ्यावे. हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे. तीस वर्षे राबून जमवलेल्या पैशावर दुसऱ्याने साहस करावयाचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तो पैसा कमावणाऱ्याचाच आहे.